हयातीचा दाखला

आपल्या समाजात आजारी माणसाचे दोनच प्रकार मान्य आहेत. एक बरा होतो आणि सत्यनारायण घालतो. दुसरा जातो, आणि मग त्याचे गुण लोकांच्या लक्षात येतात. मी तिसऱ्या प्रकारात मोडतो. मला चौथ्या टप्प्याचा प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, तो हाडांत पोचलेला आहे, डॉक्टर म्हणतात तो मुळापासून जाणार नाही, आणि मी रोज सकाळी दूध आणायला जातो. यातलं शेवटचं लोकांना झेपत नाही.

बातमी फुटली तेव्हा माणसं रांगेने येऊन भेटून गेली. शहाळी इतकी जमली की वॉचमनच्या पोरांनाही नारळपाण्याचा कंटाळा आला. गावाकडचा चुलतभाऊ, जो बांधाच्या भांडणापायी वर्षानुवर्षं माझ्याशी बोलत नव्हता, तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "दादा, झालं गेलं गंगेला मिळालं." मीही भरल्या गळ्याने हो म्हणालो. आता पंचाईत अशी की मी अजून आहे, त्याने बांध पुन्हा दोन फूट अलीकडे सरकवलाय, आणि समेट इतका हृद्य झालेला की भांडण उकरून काढणं दोघांनाही शोभत नाही.

परवा मंडईत कोथिंबिरीची जुडी निवडत होतो. समोरून ऑफिसातले जुने हेडक्लार्क आले, मला बघून थबकले आणि म्हणाले, "अरे, साहेब! तुम्ही अजून…" गाडी तिथेच अडली. नजर माझ्या पायांकडून पिशवीकडे, पिशवीतून दुधी भोपळ्याकडे गेली. मग त्यांनी वाक्य पुरं केलं, "अजून इथेच राहता?" मी म्हटलं, "हो, इथेच." खरा प्रश्न कुठला होता ते कोथिंबीरवालीलाही कळलं. तिने न मागता चार मिरच्या घातल्या.

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त उपअभियंता. कुठल्या धरणातून किती क्युसेकने विसर्ग सुरू आहे, हे वरच्यांना कळवण्यात उभी नोकरी गेली, आणि दुखणं वाट्याला आलं तेही विसर्गाचंच. रात्री तीन-तीनदा उठायचं आणि मग नुसतंच उभं राहायचं. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर सगळे साठी उलटलेले. सगळ्यांची हीच तक्रार आणि सगळ्यांचं निदानही एकच, वय. गुडघ्यासाठी डॉक्टर, दातासाठी डॉक्टर, मोतीबिंदूसाठी तर एकाचं ऐकून दुसऱ्याला विचारायचं. या एका बाबतीत मात्र मराठी पुरुष 'चालायचंच' म्हणून गप्प बसतो. मग बायको नंबर लावते. माझाही हिनेच लावला.

तिथे यूरोफ्लो नावाची तपासणी असते. पोटभर पाणी पिऊन बसायचं आणि अगदी राहवेनासं झालं की एका नरसाळ्यात मोकळं व्हायचं. खालचं यंत्र आलेख काढतं. टेक्निशियन मुलगा कागद फाडून म्हणाला, "काका, सेकंदाला सहा मिलिलिटर. पंधराच्या वर पाहिजे." हाडाची सवय, मी मनातल्या मनात क्युसेक काढले. शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य दोन. ज्याने पावसाळ्यात हजारांच्या आकड्यांत नदीकाठच्या गावांना सावधानतेचे इशारे दिले, त्याच्यावर ही वेळ.

आता हे सांगायला हवं, की वयाबरोबर बहुतेकांची प्रोस्टेट नुसतीच वाढते, तिच्यात कॅन्सर नसतो. माझ्यामुळे घाबरून आमचा अख्खा कट्टा पीएसए तपासून आला आणि झाडून सगळे त्या 'बहुतेकां'त निघाले. त्यांना माझ्यासमोर आनंद दाखवता येईना. आठवडाभर बिचारे चेहरे पाडून फिरत होते.

पीएसए हे रक्तातलं प्रथिन नॅनोग्रॅममध्ये मोजतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. साधारण चारच्या आत असलं की डॉक्टर हसतात. माझं तीन आकडी होतं, डॉक्टर हसले नाहीत. मग बायोप्सी. सुईच्या बंदुकीने बारा तुकडे काढतात आणि दर तुकड्याला खट्ट असा आवाज होतो. तो दुखण्यापेक्षा दचकवतो जास्त. त्या तुकड्यांना गुण देण्याची पद्धत डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन डॉक्टरने १९६६ साली घालून दिली. मला मिळाले नऊ. ही माझ्या शेजारी बसली होती, तिने विचारलं, "दहापैकी?" जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेली बाई, तिचा चेहरा क्षणभर उजळला होता. डॉक्टरांनी समजावलं, की इथे सहाच्या खाली सहसा कोणाला उतरवत नाहीत आणि वरचे गुण वाईट. नातवाला हे फार आवडलं. गणिताच्या पेपरलाही हीच पद्धत लागू करावी असं त्याचं मत पडलं.

मग पेट स्कॅन. साडूभाऊंना फोनवर सांगितलं तर ते उखडलेच. "दुखणं खाली, आणि हे लोक पोटाचा स्कॅन काढतायत? लुटालूट आहे सगळी!" त्यांचं आयुष्य इंदुरात गेलेलं. त्यांना समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली आणि तेवढा वेळ मी कॅन्सर विसरलो, हा त्या तपासणीचा मला झालेला पहिला फायदा. स्कॅनमध्ये मणका, खुबा, दोन बरगड्या उजळलेल्या दिसल्या.

आमच्या डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं, "काका, हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, टेस्टोस्टेरॉनवर. ते आपण जवळजवळ शून्यावर आणायचं. एक तर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन."

"कसलं ऑपरेशन?" हिने विचारलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

मग ही म्हणाली, "इंजेक्शन केवढ्याला पडतं?"

ही युक्ती १९४१ सालची आहे. शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स नावाचे सर्जन कुत्र्यांवर प्रयोग करत होते. माणसाप्रमाणे म्हातारपणी प्रोस्टेटचा त्रास होणारा प्राणी म्हणजे कुत्रा. (खांबाखांबापाशी थांबणाऱ्या कुत्र्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो.) हार्मोनचा पुरवठा तोडला की प्रोस्टेट आक्रसते हे तिथे दिसलं. मग हगिन्सनी हाच उपाय हाडांत कॅन्सर गेलेल्या रुग्णांवर केला आणि वेदनेने अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली. त्याआधी अशा रुग्णाला देण्यासारखं डॉक्टरांकडे फारसं काही नव्हतं. हगिन्सना नोबेल मिळालं १९६६ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. थकबाकी एवढी रखडते हे वाचून आमच्या खात्याबद्दलचा माझा राग थोडा निवळला.

त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं. दुसरं मत घ्यायला मुलगा मला तिथे घेऊन गेला, आणि तिथल्या बाकावर मला प्रोस्टेटवाल्यांची बिरादरी भेटली. या बिरादरीत नाव, गाव, जात, हुद्दा काही विचारत नाहीत. शेजारचा माणूस सरकून जागा देतो आणि विचारतो, "किती होता? आता किती?" एक जण म्हणाला, "एकशेऐंशी होता, आता तीन." आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. पलीकडचा कोणी चारशेवरून आलेला होता. त्याच्याकडे सगळे आदराने बघत होते.

तिथेच माढ्याकडचे एक शेतकरी भेटले. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरले होते. पायजम्याच्या खिशातून चंची काढायचे, हुंगायचे आणि परत ठेवायचे, कारण तंबाखू सोडवली होती. मी विचारलं, "तुम्ही इंजेक्शन घेता की…"

"काडून टाकलं," ते म्हणाले. "डाक्टर म्हनले दर तीन म्हैन्याला सुई. म्हनलं, दर तीन म्हैन्याला ममईला यायचं, यष्टीला पैसं, रानात पानी कोन धरनार? चार लेकरं झाली, त्यांचीबी लगनं झाली. आता ते ठिवून काय मिरवनूक काडायची?"

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंजेक्शनवाल्या माणसाला इतकं दिखाऊ आयुष्य जगल्यासारखं कधी वाटलं नसेल. ऑपरेशनचा परिणाम इंजेक्शनाइतकाच होतो, हे डॉक्टरबाईंनी मला आधीच सांगितलेलं होतं, म्हणून वादालाही जागा नव्हती.

त्या इंजेक्शनाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. मेंदूच्या तळातून एक हार्मोन निघतं, ते खाली हुकूम धाडतं आणि मग टेस्टोस्टेरॉन बनतं. हा हुकूम देणारा पदार्थ शोधायला दोन शास्त्रज्ञ एकमेकांशी हिरिरीने झुंजले. अँड्र्यू शॅलींनी डुकरांचे मेंदू गोळा केले, रॉजर गिलमिन यांनी मेंढ्यांचे. लाखाच्या वर मेंदू दळावेत तेव्हा हाती यायचं चिमटीतही न मावण्याइतकं. १९७१ मध्ये त्या पदार्थाची रचना उलगडली, आणि १९७७ च्या नोबेलचा अर्धा हिस्सा दोघांना वाटून घ्यावा लागला. भाऊबंदकीचा इतका उपयुक्त निकाल मी दुसरा पाहिलेला नाही. गंमत म्हणजे इंजेक्शनात त्या हुकमाचीच जालीम नक्कल असते. सुरुवातीला हार्मोन उलट वाढतं, म्हणून आधी काही दिवस त्याला अडवणाऱ्या गोळ्या देतात. पण हुकूम अखंड येत राहिले की खालची यंत्रणा काम करणंच सोडून देते. वरून सारखे आदेश आले की खाली काम थांबतं हे आमच्या खात्याला १९७१ च्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. फक्त आम्ही ते छापलं नाही. आमच्या काकू शुद्ध शाकाहारी. त्यांना डुकरांचा भाग सांगितलेला नाही. तसंही हे औषध रसायनांपासून बनतं.

इंजेक्शन लागू पडलं. पीएसए तीन आकड्यांवरून उतरत उतरत एकाच्या खाली आलं. कंबर दुखायची थांबली. आणि पुरुषी हार्मोन गेल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मला बायकांच्या गप्पांत प्रवेश मिळाला.

झालं असं, की भर जानेवारीत, पुण्यात लोक स्वेटर घालून फिरत असताना, छातीतून एकाएकी आगीचा लोळ उठायचा, कानशिलं तापायची, बनियन ओलाचिंब. पाच मिनिटांनी तीच थंडी परत. इंग्रजीत हॉट फ्लॅश म्हणतात. बायकांना पाळी जाताना होतं तेच, आणि हे उपचार घेणाऱ्या बहुतेक पुरुषांनाही होतं. मी पंखा पाचवर केला की ही शाल पांघरून बघत बसायची. काही बोलली नाही. तेच जास्त बोचलं. मात्र तिच्या भिशीच्या मैत्रिणींनी मला आपल्यात ओढलं. सुती बनियन घाला, चहा-तिखट कमी करा, उशाशी ओला नॅपकिन ठेवा. कुलकर्णीबाई तर म्हणाल्या, "भाऊजी, माझी चार वर्षं चालली होती हो, आमच्या ह्यांना पत्ताच नव्हता." कुलकर्णी समोरच सोफ्यावर बसले होते. त्यांनी पेपर वर धरला.

रडूही लवकर येतं. मालिकेत सून घर सोडून निघाली, मला हुंदका. जाहिरातीत आजोबांनी नातीला आइस्क्रीम दिलं, हुंदका. कोयना भरल्याची बातमी, एकशे पाच टीएमसी, तेव्हा तर घळाघळा. पोट सुटतं, दंड सुकतात, हाडं ठिसूळ होतात. त्यावर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि डॉक्टरबाईंचा हुकूम, की चालणं पुरे नाही, वजनं उचला. म्हणून मी सत्तरी उलटल्यावर जिममध्ये दाखल झालो. तिथला ट्रेनर पोरगा ओरडतो, "काका, कोअर टाइट! ग्लूट्स अ‍ॅक्टिव्हेट करा!" माझ्यातलं नेमकं काय अ‍ॅक्टिव्हेट आणि काय डिअ‍ॅक्टिव्हेट ठेवलंय हे मी त्याला सांगत नाही. शेजारचा तरुण दंड फुगवण्यासाठी कसली पावडर खातो, ती टेस्टोस्टेरॉन वाढवते असं डब्यावर लिहिलेलं आहे. आम्ही दोघं एकाच आरशासमोर, उलट दिशेने निघालेले.

फुकट सल्ले आमच्या पाचवीलाच पुजलेले. कॅन्सर झाला की गल्लीतला प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो आणि प्रत्येकाचा एक मेहुणा असतो. तो मेहुणा हमखास शेवटच्या टप्प्यात होता, मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि मग त्याने लक्ष्मणफळ खाल्लं. कोणाच्या मेहुण्याने गव्हांकुरांचा रस घेतला, कोणाच्या मेहुण्याने गोमूत्र, एकाच्या मेहुण्याने कडुनिंबाच्या झाडाखाली नुसतं बसून घालवला. मी एकदा म्हटलं, "मला भेटायचंय त्यांना." तर हे सगळे मेहुणे बेळगावपलीकडे कुठेतरी राहतात आणि फोन वापरत नाहीत. कोणी साखर बंद करायला सांगतं, कोणी दूध, कोणी गहू. सगळ्यांचं ऐकलं असतं तर कॅन्सरच्या आधी उपासमारीने आटोपलो असतो. एक मात्र मी नेमाने करतो. जे काही खायला सांगतात ते डॉक्टरबाईंना विचारून घेतो. त्यांनी नाही म्हटलं की सल्ला देणाऱ्याचा राग त्यांच्यावर जातो, माझी मैत्री शाबूत राहते.

खऱ्या औषधाची पथ्यं काही कमी मनोरंजक नाहीत. इंजेक्शनाच्या जोडीला अबिरॅटेरॉन नावाच्या गोळ्या होत्या, रोज चार, सोबत स्टिरॉइडची एक. गोळ्यांच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं हवं. मराठी मध्यमवर्गीय घरात पोट सलग तीन तास रिकामं असण्याची वेळ शोधून दाखवा. उठल्यावर चहा-खारी, मग नाश्ता, मग 'नुसतं एक केळं', मग जेवण. यात शास्त्रज्ञांनी एक मौजेची गोष्ट हेरली होती. तुपातेलाचं जेवण जेवून ही गोळी घेतली, तर रक्तात औषध कितीतरी पट जास्त उतरतं. मग जास्त गोळ्या उपाशी गिळण्यापेक्षा कमी गोळ्या नाश्त्याबरोबर का देऊ नयेत? शिकागोच्याच विद्यापीठातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन ७२ रुग्णांवर हे करून बघितलं आणि २०१८ मध्ये छापलं. हलक्या नाश्त्याबरोबर एकच गोळी, आणि पीएसएवर परिणाम चार गोळ्यांच्या तोडीचा. अभ्यास छोटा, पण औषधाचा खर्च एकदम चौथाईवर. आमच्या डॉक्टरबाईंनी विचार करून मला त्यावर ठेवलं. (हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं, माझं नाव सांगून करू नये. नाहीतर मी कोणाचा तरी मेहुणा व्हायचो.) हिचा प्रश्न तयार होता, "पोहे हलक्यात येतात का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, तेल किती घालता त्यावर आहे. तेव्हापासून आमच्याकडचे पोहे औषधासारखे लागतात.

दर तीन महिन्यांनी पीएसए. रक्त सकाळी देतात आणि रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्या दिवशी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ही देवाजवळ जास्त वेळ बसते. मुलगा हिंजवडीहून तीनदा फोन करतो आणि तीनदा पावसाबद्दल विचारतो. रिपोर्ट चांगला आला की आंबा बर्फी येते. वाईट आला तरी आणून ठेवलेली असतेच, म्हणून तीच खातो.

मला या सगळ्यात एक वडीलधारा सोबती मिळालेला आहे, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ. मे १९८१ मध्ये ते निवडून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांत पसरलेला, म्हणजे अगदी माझ्याच वर्गातला. या गृहस्थांनी निवडून येताना जनतेला वचन दिलं होतं, की दर सहा महिन्यांनी माझ्या प्रकृतीचा अहवाल जाहीर करीन. वचन त्यांनी पाळलं. दर सहा महिन्यांनी अहवाल निघायचा, खाली डॉक्टरांची सही, आणि वर प्रकृती ठणठणीत असल्याची थाप. अकरा वर्षं हे चाललं. १९९२ मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुठे लोकांना कळलं. त्यांनी सात-सात वर्षांच्या दोन मुदती पुऱ्या केल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये ते गेले. लगेच त्यांच्या डॉक्टरने पुस्तक काढून सगळं फोडलं आणि कोर्टाने ते काही दिवसांतच बंद पाडलं. मितराँसारखं सगळ्यांचं होत नाही हे मला कळतं. पण आज माझ्या फाइलीत जी औषधं आहेत त्यातली बहुतेक त्यांच्या नशिबात नव्हती, आणि तरी माणसाने एवढा देश हाकला. लपवाछपवीच्या बाबतीत मात्र त्यांचा हेवा वाटतो. फ्रान्सला अकरा वर्षं लागली, माझी बातमी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत सोसायटीभर झाली होती.

कधीतरी औषध थकतं. माझंही थकलं. पीएसए दोन झालं, मग पाच, मग अकरा. कॅन्सरला हार्मोनवाचून जगायची सवय लागली, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे विनोद झाला नाही. मग डोसिटॅक्सेल नावाची केमो झाली, दर तीन आठवड्यांनी. केस जातील म्हणाले. डोक्यावरचे तर निवृत्तीच्या आधीच गेलेले, भुवया गेल्या तेव्हा कळलं की माणसाचा चेहरा भुवयांवर उभा असतो. हिने एकदा आपल्या पेन्सिलने रेखून दिल्या. सबंध दिवस मी कशाचंतरी आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होतो.

त्यानंतर ल्युटेशियम. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते रोमन सेनापतीचं वाटलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींच्या अंगावर एक खास प्रथिन असतं. ते नेमकं ओळखून चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ बांधतात आणि शिरेतून सोडतात. ते शरीरभर हिंडून पेशी शोधतं आणि तिथल्या तिथे मारा करतं. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, आपल्याकडे त्याआधीपासूनच देत आहेत. आणि हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं. मी सरकारी नोकर. माझ्या हाडांपर्यंत पोचणारी सरकारी योजना पहिल्यांदाच पाहिली.

इंजेक्शन घेतल्यावर काही दिवस अंगातून थोडा किरणोत्सार बाहेर पडतो. म्हणून नियमांचा कागद देतात. लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहा. वेगळे झोपा. लघवी बसून करा, फ्लश दोनदा करा. दोनदा फ्लश! ज्याने आयुष्यभर पाणीबचतीचे फलक रंगवून घेतले त्याला. नातू दाराच्या फटीतून विचारायचा, "आबा, दिवा बंद केला की तुम्ही चमकता का?" मी म्हटलं, बघ. त्याने दिवा बंद केला, बराच वेळ पाहिलं आणि निराश होऊन निघून गेला. साडूभाऊंचा फोन आला. ते म्हणाले, "आमच्याशी बोलताना मोबाइल जरा लांब धरत जा."

मुलाने माझ्यासमोर एकदा लॅपटॉप उघडला. ल्युटेशियमच्या मोठ्या चाचणीत, २०२१ मध्ये छापलेल्या, ८३१ रुग्ण होते. सगळे माझ्यासारखे, बरीचशी औषधं वापरून झालेले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक ११.३ महिने, ल्युटेशियम मिळालेल्यांचा १५.३. "चारच महिने?" तो म्हणाला आणि त्याने झाकण मिटलं. मी त्याला खात्यातली गोष्ट सांगितली. आमच्याकडे दर तालुक्याचा सरासरी पाऊस लिहिलेला असायचा, पण तो पाऊस कोणत्याच गावात पडायचा नाही. एका गावात टँकर लागायचे, शेजारच्या गावात पूल वाहून जायचा, आणि दोन्ही मिळून सरासरी अगदी बरोबर यायची. मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे आणि निम्मे त्याच्या पलीकडे. पलीकडे किती लांब, ते त्या आकड्यात नसतं. तरीही पलीकडेच असू असं मी धरून चाललेलो नाही. इच्छापत्र केलंय, लॉकरच्या किल्ल्या दाखवल्यात, आणि पुढच्या मे महिन्याचं कोकणचं बुकिंगही केलंय. पैसे परत मिळणारं नाही, साधंच घेतलं, स्वस्त पडतं.

ल्युटेशियमने पीएसए पुन्हा खाली आणलंय. किती दिवस राहील ते डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करावी लागते. बाकीचे लोक रांगेबद्दल कुरकुरतात. मला तो आवडीचा कार्यक्रम वाटतो. वर्षभर सगळे माझ्याकडे बघून अंदाज बांधत असतात, इथे लेखी नोंद होते. यंदा काउंटरवर नवीन मुलगी होती. तिने स्क्रीनवर पाहिलं, मग माझ्याकडे. भुवया अजून पुरत्या आलेल्या नाहीत, त्यामुळे तिला ओळख पटायला वेळ लागला. सही घेऊन म्हणाली, "आजोबा, ऐंशी पूर्ण झाली की पेन्शन वाढते. वयाचा पुरावा नीट जपून ठेवा, तेव्हा लोकांची फार धावपळ होते." कोणी माझ्याशी इतक्या पुढचं बोलून जमाना झाला होता. मी तिला दोनदा थँक्यू म्हटलं.

घरी येऊन शाळा सोडल्याचा दाखला शोधला. जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची हीच आहे, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. आई सांगायची, की तू त्या साली दिवाळीत झालास, फटाक्यांच्या आवाजात. हिने बोटांवर मोजलं. "अहो, म्हणजे सरकारदरबारी तुम्ही पाच महिने आधीच ऐंशीचे होणार."

ल्युटेशियमचे चार आणि गुरुजींचे पाच. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंना सांगितलं, की तुम्हाला दिवाळीपर्यंत ताणायची गरज नाही, १ जून गाठून दिला तरी पुरे. त्यांनी फाइलीत कुठलीशी नोंद केली आणि म्हणाल्या, "काका, आधी पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवा."